सोड ना बाई

बटण दाबून धरलं की पेटतो.
सोडलं की विझतो.
अकरा दिवस हेच. कुताइसीत, चौथ्या मजल्यावर,
त्सिउरी एका बोटाने ओव्हनचं बटण दाबून
फोनवर बहिणीशी भांडते.

शेजारचा ओतिया आधी कॉक बंद करतो,
मग खिडकी उघडतो,
मग आठवण होऊन बूट काढतो.
बॅटरी दातांत, फरशीवर आडवा,
खांद्यापर्यंत ओव्हनच्या पोटात.
"गॅस येतोय. ठिणगी पडतेय. तू म्हणतेस ज्योतही निळी.
पण ज्योत आहे, हे हिला कळतच नाही."
ही म्हणजे तांब्याची एक काडी,
टोकाला कित्येक नाताळांची काजळी.

पॉलिश पेपर नाही. नखांची कानस चालेल?
चालते.
सांध्यांवर साबणाचा फेस लावून दोघं वाकून बघतात,
लहान पोरांसारखी. एकही बुडबुडा नाही.

आता पेटव. दाब. तीस मोज.
ती चाळीसपर्यंत मोजते, पन्नासपर्यंत,
"सोड," तो म्हणतो. "सोड ना बाई."

सोडते.
ज्योत राहते.

चीजची भाकर फुगते, ओतिया अर्धी खाऊन जातो,
आणि रात्री दिवा मालवल्यावरही
त्सिउरीचा अंगठा
बटणावर असतो खिडकीच्या,
दिव्याच्या, उशीच्या.