मोटर नसलेले कूलर

हात लावू नका असं कुठं लिहिलं नव्हतं,
तरी मला राखणीला ठेवलं,
रात्रपाळी, गांधीसागरच्या काठावर.

एकवीस कूलर. भंगारातले, गंजके.
ना मोटर, ना पंखा, नुसती खोकी,
माणूस वाकून आत बसेल एवढी,
आणि तिन्ही अंगांना वाळ्याच्या ताट्या.
"हे काय होय बे?" जो तो मलाच विचारी.
मी म्हणे, कला होय. पुढं जा.

करणारी बाई, हेमलता निनावे,
दिवस कलला की बादलीनं ताट्या भिजवायची
आणि बाजूला उभी राहायची,
पंगत बसायची वाट पाहणाऱ्या वाढप्यासारखी.

चौथ्या दिवशी पारा सेहेचाळीस.
चणेवाला ठेला उघडा टाकून आत शिरला.
टिमकीची एक बाई डोळे मिटून बसली,
म्हणाली, गच्चीवर पाणी मारलं का असाच वास यायचा.
मग गच्ची विकल्याचं सांगू लागली. कोणालाच, म्हणजे ताटीला.

आठव्या रात्री एक पोरगा
पोत्यातून घरची मोटर घेऊन आला.
चौदाव्या खोक्यात बसवली,
वायर थेट ठेल्याच्या बल्बाला.
मी शिट्टी फुंकत धावलो,
बाईनं हात आडवा धरला.
राग होता तिच्या तोंडावर, थोडा. तरी धरला.
वारा सुटला. रांग लागली.

जूनमध्ये महापालिकेचा ट्रक आला.
फरशीवर एकवीस तांबडे चौकोन उरले.
माझी ड्यूटी आता दुसरीकडं आहे,
पण तिथून जाताना पाय आपोआप वळसा घालतात.

चौदाव्यात कुत्रं झोपलेलं असतं.