शून्यांची वही

सकाळी आठ वाजता मी अंगणात जाते,
जस्ताच्या भांड्यात डोकावते
आणि वहीत लिहिते: शून्य.
एकवीस वर्षं.
माझ्यासारखं शून्य या खोऱ्यात कुणी काढत नाही,
गुबगुबीत, कोंबडीनं नुकतंच घातल्यासारखं.

सान्तियागोहून खात्यानं भांडं पाठवलं
तेव्हा शेजारचा ओनोफ्रे म्हणाला होता,
"यात ओरेगानो लाव, एर्मेलिंदा, निदान काही उगवेल."

अटाकामाच्या या टोकाला शरद मार्चमध्ये येतो
आणि आल्याची वर्दी देत नाही.
सकाळी समुद्राकडचं धुकं,
दुपारी ऊन असं की शेळ्या भिंतीच्या सावलीसाठी भांडतात,
संध्याकाळी द्राक्षांच्या मांडवाखाली एकाएकी थंडी;
शाल शोधेस्तोवर तीही पसार.
बाकीचे ऋतू शब्दाचे पक्के.
हा घोड्यांच्या बाजारातला दलाल,
दात एका घोड्याचे दाखवतो, गळ्यात दुसराच मारतो.

इथले म्हातारे साल सांगत नाहीत.
घंटा वाहून गेली ते वर्ष, म्हणतात.
सातुर्निनाची वरात चिखलात रुतली ते.
पूल गेला आणि आगगाडी पलीकडेच राहिली ते
(तिच्या डब्यात आता कुणीतरी ससे पाळतं).
मला या साऱ्या बाता वाटायच्या.
माझ्या वहीत पुरावा नव्हता.

त्या गुरुवारी ढग आले ते चुकीच्या बाजूनं, अँडीजवरून.
आणि उकडत होतं.
लिसान्द्रो शेळ्या घेऊन घाईघाईनं खाली उतरला,
"वर बर्फ पडायला हवा होता," म्हणाला, "पाणी पडतंय."

आमची घरं वेताची नि मातीची.
छपरं उन्हासाठी; पाण्याशी त्यांची ओळखच नाही.
रात्री दहाला पहिला थेंब उशीवर पडला, तपकिरी.
मग छप्परच खाली यायला लागलं,
चहात बुडवलेल्या पावासारखं.

पण आवाज पावसाचा नव्हता.
दगडांचा होता.
कोरड्या नदीतून ते गडगडत आले,
जणू कुणी अंधारात घर बदलत होतं.
आम्ही दफनभूमीच्या टेकडीवर चढलो,
थडग्यांना धरून उभे राहिलो.
"मेलेल्यांना उंचावर जागा," ओनोफ्रे पुटपुटला,
"आणि आपण पात्राकाठी. शहाणं कोण?"
कुणी हसलं नाही. मग ओर्तेन्सिया हसली, आणि थांबेचना.

आठ वाजता सवयीनं पाय अंगणाकडे वळले.
अंगण नव्हतं.

भांडं जूनमध्ये सापडलं,
अकरा किलोमीटर खाली, एका ऑलिव्हच्या बेचक्यात,
गळ्यापर्यंत गाळ.
ओनोफ्रेनं ते दारात आणून ठेवलं.
"आता लाव ओरेगानो."

खात्याचं पत्र आलं:
अठरा तारखेचा रकाना रिकामा का?
मी उलट टपाली कळवलं:
चर्चच्या भिंतीवर खूण आहे.
येऊन मोजा. येताना शिडी आणा.

नवं भांडं आलं. नवी वही.
काल शून्य. आज शून्य.
फक्त काढताना मी आता
गोल पुरता मिटवत नाही.
वरच्या बाजूला
थोडी फट ठेवते.