पाठमोरा

तिला तोंडं किती होती, हे मला नको विचारूस, मिक्का.
मी वल्ह्यावर होतो. डावीकडचा तिसरा बाक.
वल्हेकऱ्याची पाठ असते पुढच्या सगळ्याला;
येणारं त्याला दिसत नाही,
गेलेलं तेवढं लहान लहान होताना दिसतं.

धक्क्यावर तुझी आजी उभी होती.
आधी बोटाएवढी, मग नखाएवढी,
मग नुसती अंजिरांची टेकडी,
मग तीही नाही.

आणि समोर, सुकाणूपाशी, आमच्याकडे तोंड करून
आग्लाओन.
देवाचा मुलगा म्हणत त्याला.
कुठल्या देवाचा, ते बंदरागणिक बदलायचं.
अठ्ठेचाळीस दिवस मी त्याचा चेहरा वाचत वल्हं ओढलं.
वादळ आधी त्याच्या भुवयांत यायचं,
किनारा त्याच्या ओठांवर.

सामुद्रधुनीत शिरलो त्या सकाळी
बासरीवाल्या पोराचा श्वास तुटला.
माझ्या मानेमागून वास आला,
ओल्या लोकरीचा, फुटलेल्या शिंपल्यांचा,
आणि आग्लाओनचा चेहरा
उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखा खाली ओघळला.
"मागे," तो म्हणाला. "मागे घ्या."
(गाणारे म्हणतात, तो "पुढे" ओरडला.
गाणारे नव्हते तिथं.)

चाळीस माणसांचा ताल असा एका शब्दावर थांबत नाही रे.
पाठी आल्या, हात गेले,
पुन्हा आल्या,
आणि नाळेची पितळी चोच कशात तरी मऊ घुसली.
ज्याला दिसत होतं, तो थिजला.
आम्हाला दिसत नव्हतं,
आम्ही मारली तिला.

मग ती बाजूने सरकत सरकत मागे गेली,
म्हणजे माझ्यासमोर आली.
राखाडी पाठ, उलटलेल्या होडीसारखी.
एक डोळा उघडा.
गुहेतून दोन पिल्लं पोहत आली,
थुंकीने चिकटवलेल्या पिसांची, वेडीवाकडी,
आणि नाकाने ढकलू लागली तिला.
मेलेल्या मेंढीला कोकरू ढुसण्या देतं, तसं.
ऊठ. ऊठ ना.

बाकीचे नाळेवर नाचत होते.
बात्तिसने मशक फोडली, दारू माझ्या पाठीवरून ओघळली.
वल्हं सोडायचा हुकूम नव्हता.
मी ओढत राहिलो,
ती दोघं बोटाएवढी झाली,
मग नखाएवढी.

चोच आता देवळात टांगलीय, तू पाहिलीस.
पुजारी तेल लावतो तिला.
आग्लाओनचा पुतळा आहे बाजारात, हनुवटीवरचा फोड नसलेला.
खोटं नाही म्हणत मी. तोही होताच ना तिथं.

जा, खेळा. भरती यायच्या आत या.
तू आग्लाओन हो हवं तर, काठी घे ती.
पण धाकट्याला राक्षसीण करतोस ना रोज,
मग खेळ संपल्यावर
त्याला वाळूत तसाच टाकून येऊ नकोस.
हाताला धरून घरी आण.