हद्द

कापितोलिना ल्वोव्हनाला स्ट्रेचरवरून नेलं
त्या रात्री माझ्या हातांना काहीतरी काम हवं होतं.

सहा खोल्यांत मिळून एक स्वयंपाकघर.
आता उरलोय दोघीच:
ती खिडकीकडच्या खोलीत, मी नळाकडच्या.
चार बर्नरची शेगडी,
डावे दोन तिचे, उजवे दोन आमचे.
जागा एकच, चूल वेगळी.

मे महिना. पीटर्सबर्गात या दिवसांत
रात्र दारापर्यंत येते आणि परत जाते.
अकरा वाजता, दिवा न लावता,
पत्र्यावरचा ओशटपणा चकाकत होता.

माझी बाजू मी पुसायचे शनिवारी.
तिची ती पुसायची, असं तिचं म्हणणं.
मधल्या चार बोटं जागेला मात्र
कुणी वालीच नव्हता.
तिथं साचत गेलं सगळं.
कांद्याचं, बटाट्याचं, डुकराच्या चरबीचं,
वर पिवळं, खाली मधाच्या रंगाचं,
तळाशी डांबर.
नख दाबलं तर नखाची चंद्रकोर उमटायची
आणि तशीच राहायची.

आई करायची तसंच केलं.
मोठ्या पातेल्यात धुण्याचा सोडा,
तपकिरी साबणाची अर्धी वडी किसून,
वर कागद डकवायच्या गोंदाची अख्खी बाटली.
त्यात जाळ्या उकळत ठेवल्या.
वास असा सुटला
की जिन्यातलं मांजर दोन मजले खाली गेलं.

पत्र्यावर मोहरीची पूड कालवून थापली,
पाऊण तास तिला तिचं काम करू दिलं,
मग वाचनालयाच्या जुन्या कार्डाच्या कडेनं
खरवडायला घेतलं.
गुंडाळ्या निघत गेल्या, काळ्या, मऊ.

आणि खाली काहीतरी तांबडं.
आधी वाटलं गंज.
मग वाटलं, सूपातल्या बीटचा डाग असेल.
पण बीट इतकं सरळ सांडत नाही.

नेलपॉलिश. आईचं.
साल सत्त्याऐंशी, मी नऊ वर्षांची.
कुणाचं पातेलं कुणी सरकवलं, एवढंच निमित्त.
आईनं माझ्या दप्तरातली पट्टी घेतली
आणि पुढून मागे, भिंतीपर्यंत, रेघ मारली.
कापितोलिना हातात फडकं घेऊन बघत होती.
एवढंच म्हणाली, "वाकडी आलीय."

खरंच वाकडी होती.
भिंतीपाशी अर्धं बोट तिच्याकडे घुसलेली.
हे मला आज, सदतीस वर्षांनी, कळलं.

ती बुजली कधी, कुणी पाहिलं नाही.
दोन्हीकडून तेल उडत राहिलं.
आई गेली तेव्हा कापितोलिनानं
आमच्याच बर्नरवर ब्लिनी घातल्या,
साठ-सत्तर, एकामागून एक.
तिनं विचारलं नव्हतं.
मलाही ते विचारण्यासारखं वाटलं नव्हतं.

खणात नेलपॉलिश काढायची बाटली होती.
बाहेर काढली, परत ठेवली.
पुसली तर
पुसलेली दिसेल.

दहाव्या दिवशी ती काठी टेकत परत आली.
शेगडीपाशी उभी राहिली.
इतकी वर्षं कुठंही बसणारी तिची किटली
तिनं नीट डावीकडे ठेवली
आणि दांडा आत वळवला,
आमच्या बाजूला येऊ नये म्हणून.
"छान निघालंय," म्हणाली.

रविवारी मी मेट्रोपाशी बसणाऱ्या बाईकडून
कोर्युश्का आणली, किलोभर.
काकडीसारखा वास येणारे बोटाएवढे मासे
या दिवसांतच मिळतात.
पिठात घोळवले, कढईत तेल जरा जास्तच ओतलं,
आणि ते ओले ओलेच सोडले.
तडतडून तेल उडालं,
पत्र्यावर, भिंतीवर, माझ्या मनगटावर.

"झाकण कुठाय, ताया?"
"सापडत नाहीये."

तिनं भिंतीकडे पाहिलं.
झाकण खिळ्यावरच लटकत होतं.
मग काठी टेबलाला लावून ठेवली,
पुढे वाकली,
आणि माझ्या बर्नरची आच
स्वतःच्या हातानं वाढवली.