पिग्मी

सेव्हन लव्हज चौकात सिग्नल लाल झाला,
नव्वदवर.
मी स्कूटर बंद केली.
मागे बसलेली पुतणी मोबाईल बघत म्हणाली, काका,
हा कॉम्प्युटरवाला एका वर्षात
दोन लाख कोटींनी वाढलाय.
वाढलाय, म्हणाली.
पोर वाढतं तसं. किंवा नख.

आकडा ऐकला की मला भागाकार येतो,
कुणाला शिंक येते तसा.
भागिले तीनशे पासष्ट, भागिले चोवीस,
भागिले साठ, परत साठ.
सेकंदाला त्रेसष्ट हजार चारशे एकोणीस.
वरचे चारशे एकोणीस सोडले.
आयुष्यात पहिल्यांदा काही सोडलं.

सत्तर.
एकतीस वर्षं मी पतसंस्थेची पिग्मी गोळा करतोय,
रामोशी गेट ते टिंबर मार्केट, ऊन असो नसो.
शेरकर भंगारवाल्याचे पन्नास,
बॅटरीवाल्या परदेशीचे तीस,
थिटेबाईंचे दहा, तेही इडल्या संपल्या तर.
पैसे हातात आले की डोळे मिटूनही सांगेन कुणाचे:
भुशाची नोट कोरडी, मिरची गल्लीतली डोळ्याला लागते,
मासळीवाल्या आक्काची नोट
पावतीबुकात दोन दिवस राहते, वासानं.

रोजचे साडेतीन हजार.
वर्षाचे तीनशे दिवस, खाडे आणि सण वजा जाता.
गुणिले एकतीस.
सव्वातीन कोटी, वर पन्नास हजार.
हा आकडा मी कधी काढला नव्हता.
सव्वातीन कोटी या खांद्याच्या पिशवीतून गेले,
आणि पिशवी तीच आहे,
चेन तेवढी दोनदा बदलली.

तिकडचं हे आठ मिनिटं सदतीस सेकंदांचं काम.

चाळीस.
शेजारच्या रिक्षात कुणीतरी जांभई दिली.
त्या जांभईत दोन-अडीच लाख गेले असतील,
म्हणजे आले असतील.
कुणाकडून, हे पुतणीच्या मोबाईलमध्ये नव्हतं.
आमच्या पासबुकात रकमेला सात घरं, पुढे पैशांची दोन.
त्याची सगळी मिळून वीस लाख कोटी लिहायला बसलो
तर शून्यं रकाना ओलांडतील,
शिल्लक ओलांडतील,
आणि वारसाच्या नावावर जाऊन बसतील.

हिरवा झाला. मागून हॉर्न.
नव्वद सेकंदांत छप्पन्न लाख सत्तर हजार.
माझी पाच वर्षं आणि चारेक महिने
त्या चौकात उभी राहून गेली,
आणि इंजिनाने दोन किका खाल्ल्या.

पुतणीला परीक्षेला सोडून परत आलो.
हुसेनबी कुकरच्या शिट्ट्या मांडत होती,
रबरं एका दोरीत, मापाप्रमाणे.
तिला सांगितलं. राहवलं नाही.
कोटी, लाख, सेकंद, सगळं सांगितलं.
ती एका झाकणाची कड अंगठ्याने तपासत राहिली.
मग म्हणाली,
"एवढं गोळा करायला
त्याचा माणूस किती चालत असेल हो, घोलपभाऊ?"

मी म्हणालो, कुणी चालत नाही, ते आपोआप वाढतं.
"आपोआप?" म्हणाली.
दोन हजार अकरात नातवाच्या ऑपरेशनला
हिनं मुदतीआधी पिग्मी मोडली होती,
तेव्हा व्याज कापलं गेलं. नियम.
मीच सही घेतली होती,
तिनं अंगठा पुसून मग पेन धरलं होतं.

"आज दहाच घ्या," म्हणाली, "सकाळपासून एकच रबर गेलं."
मी दहा लिहिले.
अक्षरी रुपये: दहा फक्त.
फक्त हा शब्द आम्ही छापूनच घेतलाय,
रक्कम कितीही असली तरी तो येतो.
आज तो खोडावासा वाटला.
खोडला नाही. खाडाखोड असली
की कॅशियर पावती परत पाठवतो.