वरची डावी दाढ

डॉक्टर होल्मांच्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं
चिमटे उकळले, कापसाचे बोळे वळले
आणि हिशेबाची वही लिहिली.
वही अजून माझ्याकडेच आहे. कुणी मागितली नाही.

वरची डावी दाढ, मुळापर्यंत : एक निळं, साठ बाय ऐंशी.
पुढचे दोन, पडलेले : काळ्या पट्ट्यांचं, मोठं, ओलंच आणलं.
पूर्ण कवळी : कागदावरची तीन, आणि एक नंतर.
ते नंतरचं कधी आलं नाही.
कवळी मात्र गावभर हसत फिरत होती.

तुर्कूत तेव्हा चित्रकारांकडे पैसे नसत,
आणि दात तर सगळ्यांचेच किडतात.
दात कोरून पोट भरत नाही, म्हणतात;
डॉक्टरांनी दात कोरून भिंती भरल्या.

घर नदीपलीकडे, उतारावर.
काच, काँक्रीट आणि सपाट छप्पर.
बर्फाच्या देशात सपाट छप्पर!
मार्चमध्ये ते तीन जागी गळायचं.
सीग्नेबाई बादल्या मांडायच्या
आणि दोन पावलं मागे सरून बघायच्या,
तिन्हींमधलं अंतर डोळ्याला बरं दिसतंय ना.
एखादी बोटभर डावीकडे सरकवायच्या.
पाणी थोडं जमिनीवर पडायचं. चालायचं.

खुर्च्या बर्चच्या, वाफेवर वाकवलेल्या.
एकही खिळा नाही, एकही वेलबुट्टी नाही,
पण पाठ टेकली की कळायचं
इथे कुणीतरी आधीच
तुमच्या कण्याचा विचार करून गेलंय.

पाहुणे यायचे, कॉफीचा कप हातात घेऊन
भिंतीपाशी थांबायचे :
हे नेमकं काय आहे?
डॉक्टरांनी हा प्रश्न कधी विचारला नाही.
नवं चित्र आलं की ते
हात मागे बांधून, मान जराशी कलती करून
उघड्या तोंडापुढे उभं राहावं तसे राहायचे
आणि हळूच म्हणायचे,
कुठे दुखतंय?
पहिल्यांदा मला हसू आलं होतं.

ते गेले त्या शरदात हेलसिंकीहून एक तरुण आला,
पांढरे हातमोजे, खिशात छोटी विजेरी.
निळ्यापुढे फार वेळ थांबला.
किवेलांचा शांत काळ, म्हणाला.
बघा, किती निवांत समुद्र.

मी काही बोलले नाही.
आर्मास किवेला अकरा रात्री झोपला नव्हता.
गाल डोळ्यापर्यंत सुजलेला,
खुर्चीचे हात त्यानं असे धरले होते
की दोन्हींवर त्याच्या नखांतला रंग उतरला :
तोच. अगदी तोच निळा.
मी स्पिरिटनं पुसून काढला होता.
चित्र पुरं झालं ते त्यानंतर की त्याआधी,
वहीत ते लिहिलेलं नाही.

सीग्नेबाईंनी विचारलं, यात छप्पर होईल का?
दहा छपरं होतील, बाई.
एकच हवंय, त्या म्हणाल्या,
आणि निळं गेलं.
मग मी वही उघडून ती ओळ त्याला दाखवली.
त्यानं वाचली, पुन्हा वाचली,
आणि हातमोज्याचा हात
नकळत स्वतःच्या जबड्याकडे नेला.

माझ्याकडे एकच आहे.
निवृत्तीच्या दिवशी डॉक्टरांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं :
लहान, करडं, मधे एक वाकडी पांढरी रेघ.
घरी येऊन मी वहीत त्याची नोंद शोधली.
फक्त साफसफाई, इतकंच होतं.
त्याला किंमत नाही, तो तरुण मोकळेपणानं म्हणाला.

ते मी मोरीपाशी लावलंय.
रोज सकाळी तोंडात ब्रश धरून
त्याच्यापुढे उभी राहते.
दोघांनाही कुठे दुखत नाही.
अजून तरी.