आठवडा सातवा : मौन

सव्वीस वर्षांच्या टिपणांचा रंग आता कोऱ्या चहासारखा झालाय.
समासात माझंच अक्षर : इथे विनोद कर.
त्याखाली, दुसऱ्या शाईत : नको.

उन्हाळाभर थंडर बेच्या कॉलेजात
मी आणि ब्रॉनविन अभ्यासक्रम उसवत बसलो.
तिच्या पडद्यावर रंगीत चौकोन, एकेक आठवडा एकेक चौकोन.
"आधी शेवट ठरवू," ती म्हणाली.
"विद्यार्थ्याला शेवटी काय करता यायला हवं?
क्रियापद निवडा, आउने.
ओळखणे, तुलना करणे, वर्गीकरण करणे.
'समजणे' नाही चालत, ते मोजता येत नाही."
मी म्हटलं, थबकणे.
तिनं यादी वरखाली केली.
यादीत नव्हतं.

खरं सांगायचं तर त्या चौकोनांनीच मला दाखवलं :
दर आठवड्याला एक धर्म.
बस थांबते, उतरा, फोटो काढा, चढा.
सव्वीस वर्षं मीच कंडक्टर होते
आणि पाट्या टाकते आहे हे मला कळलं नव्हतं.

पन्नास मिनिटांचं व्याख्यान बारावर आलं.
काय गळलं?
उपमा, तारखा, खोकला,
खिडकीबाहेर बघत मी विसरायची ते वाक्य.

सातव्यावर मात्र अडलो.
वर्गात मी दार लोटायची आणि वीस मिनिटं काही बोलायची नाही.
कुणी फिसकन हसे, कुणाचं पोट वाजे, रेडिएटर ठोके देई,
आणि चौदाव्या मिनिटाच्या आसपास
खोलीत काहीतरी उतरायचं,
कुणाचंच नसलेलं.

पडद्यावर माइक शांतता गाळून टाकतो.
उरते ती नुसती गैरहजेरी.
आणि पंधराव्या मिनिटाला यंत्र विचारतं :
तुम्ही अजून आहात का?
ब्रॉनविन ओशाळली, "हे बंद नाही करता येत. सुरक्षेसाठी आहे."
मी म्हटलं, राहू दे.
हाच या आठवड्याचा प्रश्न.

पेत्रोनं व्हाइट रिव्हरच्या ट्रक थांब्यावरून लिहिलं :
इंजिन बंद केलं, काचेवर वाफ धरली.
'हो' दाबलं, मग वाटलं, मी हे सांगितलं कुणाला?

लॉर्ना वाबूसच्या गावाला रस्ता फक्त हिवाळ्यात असतो,
तळ्यावरच्या बर्फातून.
तिचं नेट मौनाच्या अकराव्या मिनिटाला गेलं, चार दिवसांनी आलं.
माझं मौन लांबलं, तिनं लिहिलं.
उशिराचे गुण कापणार का?

आणि रोव्हेना, वृद्धाश्रमात रात्रपाळीला :
कुणी गेलं की आम्ही खिडकी थोडी उघडतो.
उणे तीस असलं तरी.
नियमावलीत नाही, कुणी शिकवलंही नाही.
काल नऊ नंबरच्या खोलीत उघडली
आणि तिथंच उभी राहून तुमची वीस मिनिटं केली.
हा धर्म आहे का?
विचारते, कारण चाचणीत पर्याय चारच आहेत.

गुणांचा तक्ता मीच केलेला :
स्पष्टता, पुरावे, संज्ञांचा अचूक वापर.
रोव्हेनापुढचा रकाना दोन दिवस रिकामा राहिला.
यंत्रानं लाल अक्षरांत आठवण पाठवली.
मी चाचणीत पाचवा पर्याय घातला, त्यात काही लिहिलं नाही.
ब्रॉनविनला वाटलं, चूक झालीय.
मग तिनं तो तसाच ठेवला.

नोव्हेंबरात एक शनिवार प्रत्यक्ष भेटीचा.
एकोणीसपैकी बारा आले.
मला बर्फामुळे उशीर झाला.
दाराबाहेर बुटांची रांग, खाली वितळलेलं काळं पाणी.
कुणीच सांगितलं नव्हतं.
आतून पेत्रोचा आवाज, "तू ती खिडकीवाली का?"
चेहरे नवे होते, आवाज जुने.

मी वाकले, नाडी सोडली.
डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं.
तशीच आत गेले.